तोफेच्या पुंगळीतून उजळलेले दिवे

ज्योत खाली तोंड करून जळत नाही. समई असो, मशाल असो की रॉकेलचा कंदील, तेल खाली आणि ज्योत वर हीच रचना. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत वाळूखडकाचा एक दिवा सापडला आहे. सुमारे 17,000 वर्षांपूर्वी कुणीतरी त्यात चरबी जाळली होती. तेव्हापासून दिव्यांची हजारो रूपं झाली, पण तेला-चरबीवर जळणाऱ्या कुठल्याच दिव्याची एका सक्तीतून सुटका नव्हती. ज्योतीला हवा हवी, धुराला वाट हवी, इंधनाला पोट हवं. आणि हे पोट बहुधा ज्योतीच्या बुडाशीच असल्यामुळे दिव्याखाली अंधारही ठरलेला!

मग 1879च्या सुमाराला इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान आणि अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी हवा काढून घेतलेल्या काचेच्या फुग्यात कार्बनचा धागा उजळता ठेवून दाखवला, आणि ही सगळी बंधनं एकदम गळून पडली. हवा नको. धूर नाही. तेल नाही. दिवा उलटा टांगा, आडवा लावा, टेबलावरच्या भांड्यातून वर काढा. हजारो वर्षांत पहिल्यांदाच दिव्याला कुठलाही आकार घेण्याची मोकळीक मिळाली.

आता तुम्ही त्या काळचे कारागीर आहात असं धरून चाला. समोर नमुना म्हणून काहीच नाही. विजेचा दिवा दिसायला कसा असावा, हे जगात कुणालाच माहीत नाही. काय कराल?

तेव्हाच्या एका माणसाने जे केलं, ते वाचून मी थक्क झालो. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थंबरलंडमध्ये क्रॅगसाइड नावाचं घर आहे. मालक विल्यम आर्मस्ट्राँग, तोफा बनवणारे मोठे कारखानदार. त्यांनी डोंगरातलं पाणी अडवून त्यावर वीज निर्माण केली आणि 1880च्या डिसेंबरात आपल्या ग्रंथालयात स्वानचे दिवे लावले. त्यातले काही दिवे त्यांनी मीनाकाम केलेल्या तांब्याच्या फुलदाण्यांवर बसवले होते. फुलदाणीच्या बैठकीत मध्यभागी एक इवलीशी वाटी, आणि वाटीत पारा. फुलदाणीच्या बुडातून निघालेल्या तारेचं उघडं टोक त्या पाऱ्यात बुडायचं. वीज पाऱ्यातून तारेत आणि तारेतून दिव्यात जायची. परत कशी यायची? फुलदाणीच्या तांब्याच्या अंगातूनच! फुलदाणी उचलली की दिवा विझायचा, जागेवर ठेवली की पेटायचा. बटण नाही, प्लग नाही, दिव्याचं शरीर हीच दिव्याची तार. (आपल्याकडे मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनी उजळलं ते 1882 साली, म्हणजे या पाऱ्याच्या दिव्यांनंतर दोनच वर्षांनी. इतक्या झपाट्याने हा उजेड पसरत होता.)

इथे गोष्टीत दुसरा धागा येतो. याच काळात इंग्लंडमध्ये जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस या लेखकांच्या विचारांतून एक चळवळ उभी राहत होती. तिचं म्हणणं असं, की कारखान्यांनी वस्तू स्वस्त केल्या खऱ्या, पण त्या बनवणाऱ्या माणसाचा आनंद हिरावून घेतला. खुर्ची, पडदा, सुरई या रोजच्या वापरातल्या वस्तू हातांनी, प्रामाणिक साहित्यातून घडाव्यात आणि त्या कशा घडल्या हे लपवू नये. 1887 मध्ये या चळवळीला ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ हे नाव मिळालं. पुढच्या तीसेक वर्षांत ती युरोप-अमेरिकेत पसरली, आणि तिच्या वस्तू आज जगभरचे संग्राहक जिवापाड जपतात. खुर्च्या-टेबलं, वस्त्रं, मातीची भांडी यांवर तर प्रेम करणारे खूप. मला मात्र यातले दिवेच सर्वांत विलक्षण वाटतात. कारण उघड आहे. यंत्राबद्दल मनात अढी असलेल्या माणसांच्या हाती अशी एक वस्तू आली, जिचा प्राण थेट वीज निर्माण करणाऱ्या डायनॅमोतून येत होता. खुर्चीला यंत्र टाळता येतं. विजेच्या दिव्याला ते कसं टाळणार?

विल्यम बेन्सन या इंग्रज कारागिराने ते टाळलंच नाही. तो मॉरिसच्या वर्तुळातला, पण त्याच्या हॅमरस्मिथच्या कारखान्यात यंत्रं चालत आणि त्याबद्दल त्याच्या मनात किंतु नव्हता. 1887 मध्ये त्याने लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर दुकान थाटलं. उघड्या दिव्याचा लखलखाट डोळ्यांना टोचतो हे त्याने हेरलं आणि तांब्या-पितळेच्या पानांची, पाकळ्यांची ओंजळ दिव्याभोवती धरली. डोळ्याला दिवा दिसतच नाही. दिसतो तो तांब्यावरून परतलेला उजेड, वाटेत गुलाबी-सोनेरी झालेला. ससेक्समधलं स्टँडन हे वास्तुकार फिलिप वेबने रेखलेलं घर 1890च्या दशकात विजेसकटच उभं राहिलं. तिथे बेन्सनचे दिवे आजही आपल्या जागी आहेत.

पण या दिव्यांची सर्वांत चकित करणारी कहाणी घडली अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे एका गोदी कामगाराने तोफेच्या पुंगळ्या उचलल्या.

डर्क व्हॅन एर्प हा मूळचा नेदरलँड्सचा, लेउवार्डन गावचा. तांब्याची भांडी घडवण्याचं काम त्याने तिथेच शिकलेलं. 1880च्या दशकात तो कॅलिफोर्नियाला आला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेअर आयलंड या नौदलाच्या गोदीत तांबटकाम करू लागला. मध्यंतरी सोन्याच्या आशेने क्लाँडाइकलाही जाऊन आला. गोदीत तोफांच्या सरावानंतर रिकाम्या पितळी पुंगळ्यांचा, म्हणजे डागलेल्या गोळ्यांच्या मागे उरलेल्या काडतुसांचा, ढीग पडायचा. फावल्या वेळात त्याने त्या ठोकून फुलदाण्या करायला सुरुवात केली. सुरुवातीला घरच्यांसाठी, ओळखीपाळखीतल्यांसाठी. मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका नावाजलेल्या कलावस्तूंच्या दुकानाने त्या विकायला घेतल्या, आणि 1908 मध्ये त्याने ओकलंडला स्वतःचं ‘कॉपर शॉप’ उघडलं. दोनच वर्षांत, 1910 मध्ये, दुकान सॅन फ्रान्सिस्कोला हललं आणि फुलदाण्यांतून दिवे उगवले.

जरा थांबा इथे. माणूस मारण्यासाठी बनवलेली पितळी नळी, तिच्यातून फुलदाणी, आणि फुलदाणीच्या घडणीतून दिवा! क्रॅगसाइडचे आर्मस्ट्राँगही तोफांचेच कारखानदार होते, हे आठवलं की अंगावर काटा येतो.

दिव्याचं बूड व्हॅन एर्पने कसं घडवलं? तांब्याचा सपाट पत्रा घ्यायचा आणि ठोकत ठोकत त्याला पोट आणायचं, गळा आणायचा. जोड नाही, शिवण नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण तांबं सहजासहजी ऐकत नाही. तांब्यात अणूंचे थर एकमेकांवर रचलेले असतात आणि हातोडीचा घाव बसला की ते घसरतात. म्हणून तर पत्रा वळतो. पण घसरता घसरता थरांमधले दोष एकमेकांत अडकतात, गुंता होतो, आणि जितकं ठोकाल तितकं तांबं कडक होत जातं. तसंच ठोकत राहिलात तर पत्रा तडकतो. उपाय काय? भट्टीत ताव द्यायचा. मंद लाल होईपर्यंत तापवलं की अणू पुन्हा नीट मांडून बसतात आणि तांबं मऊ होतं. आता एक गंमत. तापलेलं पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तापलेलं तांबं पाण्यात बुडवा. ते मऊचं मऊच राहतं! ठोका, तापवा, बुडवा, पुन्हा ठोका. एका फुलदाणीसाठी हे चक्र पुन्हा पुन्हा फिरतं.

पुण्याच्या तांबट आळीतून कधी गेला असाल, तर हा ठोका तुमच्या कानांनी ऐकलेला आहे. तिथल्या तांबटांचं मठारकाम म्हणजे घडलेल्या भांड्यावर एकसारख्या, ओळीत येणाऱ्या ठोक्यांची नक्षी. ती नुसती शोभेची नसते. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांडं टिकतं. आणि प्रत्येक ठोका हा एक छोटासा खोलगट आरसा असतो, त्यामुळे भांडं थोडं जरी फिरवलं तरी त्यावरचा उजेड हलतो. व्हॅन एर्पच्या तांब्यावरही असेच ठोके आहेत. एकाच गरजेतून एकच विद्या जगाच्या दोन टोकांना फुलली. चळवळीच्या लोकांना हे ठोके प्राणापेक्षा प्यारे होते, कारण प्रत्येक खूण सांगायची की इथे हात पडला आहे.

पुढे इतर कारखान्यांनी हीच हौस ओळखली आणि यंत्रावर सपाट पत्र्याला ठोक्यांचे छाप मारून ‘हातघडणी’चा आव आणायला सुरुवात केली. संग्राहक तो फरक कसा ओळखतात? हाताचा ठोका आकाराबरोबर चालतो. पोटाशी मोठा, गळ्याशी बारीक, वळणावर तिरका. यंत्राचा छाप वळणाची पर्वाच करत नाही.

आता त्या दिव्याच्या शेडकडे या. माझ्या मते खरा चमत्कार तिथेच आहे.

1910च्या आसपास दिव्यांचा उजेड बदलत होता. जुन्या कार्बनच्या धाग्याचा प्रकाश तांबूस आणि मवाळ असायचा. विल्यम कूलिज या संशोधकांनी टंगस्टनची तार ओढण्याची युक्ती साधली आणि बाजारात अधिक पांढरा, अधिक प्रखर दिवा आला. तो डोळ्यांसमोर नको, पण उजेड तर हवा. काच लावावी तर आतला धागा आरपार दिसतो. कापड लावावं तर ते तापतं, करपतं. व्हॅन एर्पने लावलं अभ्रक. तांब्याच्या पट्ट्यांच्या चौकटीत अभ्रकाचे मधाच्या रंगाचे पडदे, वर गरम हवेसाठी मोकळी टोपी, आणि सांधे लपवण्याचा अजिबात प्रयत्न नाही. रिव्हेट डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात.

अभ्रक म्हणजे खनिज, एक दगडच. दगडातून उजेड कसा जातो? अभ्रकाचा एक तुकडा हातात घ्या आणि नखाने कडेला उचका. चिरोट्याचा पापुद्रा सुटावा तसा एक पदर अलगद निघून येतो. त्या पदराचाही पदर निघतो. त्याचाही! हे कुठवर चालेल? सिलिकॉन, ऑक्सिजन आणि ॲल्युमिनियमच्या अणूंनी विणलेली एक चादर, तिच्यावर पोटॅशियमचा एक विरळ थर, मग पुन्हा चादर, अशी अभ्रकाची बांधणी असते. चादर आतून भक्कम, पण दोन चादरींमधली पकड सैल. एका चादरीची जाडी साधारण एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कामगार सुरीने काढतात तो पदर केसापेक्षाही पातळ असतो, तरी त्यातही पंचवीसेक हजार चादरी असतात. आणि सुटलेला पृष्ठभाग इतका सपाट, की एकेक अणू चाचपणाऱ्या आजच्या सूक्ष्मदर्शकांत नमुना ठेवायला शास्त्रज्ञ अभ्रकच वापरतात. खाणीतून आलेल्या दगडाला अणूच्या पातळीवर सपाट करायला पुरतं ते फक्त नख!

शिवाय अभ्रक जळत नाही आणि त्यातून वीजही वाहत नाही. जुनी विजेची इस्त्री कधी उघडून पाहिली असेल, तर तापणारी तार अभ्रकाच्या पट्टीवर गुंडाळलेली तुम्ही पाहिली असेल. डायनॅमो बनवणाऱ्यांनाही हेच हवं होतं. तांब्याच्या फिरत्या पट्ट्यांमध्ये घालायला असं काहीतरी, जे तापेल पण पेटणार नाही. पण अभ्रकाचे मोठे अखंड पत्रे दुर्मिळ आणि महाग. म्हणून 1890च्या दशकात अमेरिकेत एक युक्ती निघाली. छोटे छोटे पदर एकमेकांवर कौलांसारखे रचायचे, मध्ये लाखेचा लेप द्यायचा आणि तापवून दाबायचं. हवा तेवढा मोठा पत्रा तयार. पुन्हा तापवला की लाख मऊ पडते, पत्रा वाकतो, शंकूच्या आकारात बसतो, आणि थंड झाला की तसाच राहतो.

म्हणजे पाहा, दिव्याच्या त्या उबदार शेडचं साहित्य डायनॅमोच्या पोटातलं. यंत्राला नको म्हणणाऱ्या चळवळीचा सर्वांत देखणा दिवा तोफेची पुंगळी आणि डायनॅमोचं इन्सुलेशन यांच्या घराण्यातला आहे. मला यात विसंगती दिसत नाही. त्या लोकांनी यंत्रयुगाचं साहित्य उचललं आणि त्याच्यावर हात फिरवला, एवढंच. पण तेवढ्याने केवढा फरक पडला!

आता तो मधाचा रंग. तो कुठून येतो? मुख्यतः लाखेतून. पांढऱ्या उजेडातला निळा भाग लाख गिळते आणि पिवळा-नारिंगी पुढे जाऊ देते. पण लाख अभ्रकाला पांढरट, अपारदर्शक का करत नाही? दोन पदार्थांच्या सीमेवर उजेड किती परततो, हे त्या दोघांमध्ये उजेड किती वळतो यातल्या फरकावर अवलंबून असतं. अभ्रक आणि लाख यांच्यात हा फरक अगदी थोडा आहे. त्यामुळे प्रत्येक सीमेवर उजेडाचा इवलासा भागच परततो, बाकीचा पुढे सरकतो. अशा अनेक सीमा ओलांडत, थोडा थोडा विखरत तो बाहेर येतो, तेव्हा आतल्या तप्त धाग्याची रेघ पुसली गेलेली असते आणि पदरांचे वेडेवाकडे आकार मात्र पडद्यावर ढगांसारखे दिसतात. जुन्या शेडमध्ये कुठे लाख सुटली आणि हवा शिरली, तर नेमका तिथे चंदेरी डाग पडतो. हवा आणि अभ्रक यांच्यातला फरक मोठा, म्हणून उजेड तिथून उलटा फिरतो. संग्राहक असे डाग पाहून शेडचं वय आणि तब्येत ओळखतात.

त्या काळात पत्री अभ्रकाचा जगातला सर्वांत मोठा पुरवठा आपल्या देशातून होत होता. आजच्या झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीहच्या खाणी आणि आंध्रातलं नेल्लोर ही त्याची मोठी ठाणी. लाख तर जवळजवळ सगळीच इथली. पळस, बोर, कोशिंब यांच्या फांद्यांना चिकटलेले मोहरीएवढे किडे झाडाचा रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच बांधतात, ती लाख. आपल्या विदर्भात, गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलांतही ती गोळा होते. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. बालगंधर्वांचं गाणं ज्या पदार्थावर कोरलं गेलं, तोच पदार्थ पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, त्याच वर्षांमध्ये, दिव्याचा उजेड पिवळा करत होता.

आणि तो अभ्रक पदर पदर सोलला कुणी? खाणींच्या आसपासच्या गावांतल्या बायकांनी आणि मुलांनी, हातांनी. दिव्याच्या बुडावर कारागिराचा शिक्का असतो. सोलणाऱ्यांचा शिक्का कुठेच नसतो. झारखंडात बेकायदा खाणींमध्ये आजही मुलं अभ्रक वेचतात. हाताच्या श्रमाला मान देण्यासाठी निघालेल्या चळवळीबद्दल बोलताना हे हात वगळता येत नाहीत.

शिक्क्याचा विषय निघालाच आहे, तर व्हॅन एर्पच्या शिक्क्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मायदेशाची आठवण म्हणून त्याने पवनचक्कीचं चित्र घेतलं आणि खाली एक चौकट. 1910 मध्ये त्याने डार्सी गॉ या रेखनकार बाईंशी भागीदारी केली. त्या मूळच्या कॅनडाच्या, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या. चौकटीत तेव्हा दोघांची नावं होती. दिव्यांची घडण, प्रमाणं, त्यांचा तो शांत भारदस्तपणा याच काळात ठरला, आणि त्याचं बरंच श्रेय जाणकार गॉ यांना देतात. भागीदारी वर्षभरच टिकली. मग शिक्क्यातून त्यांचं नाव काढून टाकलं गेलं, आणि चौकटीची रेघ त्या जागी तुटकी राहिली. आज संग्राहक भिंग घेऊन ती तुटकी रेघ शोधतात. दोन्ही नावं असतील तर दिवा 1910–11चा, रेघ तुटलेली असेल तर नंतरचा. पुसलेल्या नावाने काळ मोजायचा, ही केवढी विलक्षण गोष्ट!

न्यूयॉर्कमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं होतं. टिफनीचे रंगीत काचांचे दिवे कुणाला माहीत नाहीत? ते काटेकोरपणे आर्ट्स अँड क्राफ्ट्सचे म्हणता यायचे नाहीत, पण शेजारघरचे नक्कीच. शंभर वर्षं त्यांचं सगळं श्रेय लुई टिफनी यांना मिळालं. मग क्लारा ड्रिस्कॉल या बाईंनी आई-बहिणींना लिहिलेली पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली. टिफनीच्या कारखान्यात काच कापणाऱ्या मुलींच्या विभागाच्या त्या प्रमुख होत्या, आणि जवळपास 2,000 तुकड्यांचा विस्टेरियाच्या फुलांचा दिवा, चतुरांचा दिवा, हे सगळं त्यांच्या डोक्यातून आलेलं होतं. लग्न झालं की नोकरी सोडायची, असा तिथला नियम होता. 2007 मध्ये न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीने त्यांच्या आणि त्या मुलींच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. नुसत्या पत्रांच्या एका गठ्ठ्याने जगातल्या सर्वांत प्रसिद्ध दिव्यांचा कर्ता बदलला.

न्यू जर्सीतल्या फुल्पर पॉटरीचं कामही अचाट आहे. त्यांनी बूड तर मातीचं केलंच, शेडही मातीचीच केली! मातीच्या छत्रीला भोकं ठेवायची, भाजायची आणि मग भोकांत रंगीत काच बसवायची. भाजताना माती आकसते आणि प्रत्येक वेळी तंतोतंत सारखी आकसत नाही. मग काच आधी कापून कशी ठेवणार? ज्या त्या शेडच्या ज्या त्या भोकाचं माप घेऊन ती बसवावी लागायची.

हे सगळं पुढे जवळजवळ कचऱ्यात गेलं. पहिल्या महायुद्धानंतर लोकांना हे तपकिरी, जड सामान नकोसं झालं. दिवे माळ्यावर पडले, मोडीत निघाले. 1972 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कला संग्रहालयाने अमेरिकेतल्या या चळवळीचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि वारं फिरलं. किमती इतक्या चढल्या, की 2018च्या डिसेंबरात टिफनीचा कमळफुलांचा एक दिवा न्यूयॉर्कमध्ये तेहतीस लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेला. चढत्या किमतींनी काही घरं ओरबाडलीही. कॅलिफोर्नियातल्या पसाडीनामधलं ब्लॅकर हाउस हे चार्ल्स आणि हेन्री ग्रीन या वास्तुकार भावांनी 1907 मध्ये रेखलेलं घर. घरातला प्रत्येक दिवा त्या त्या खोलीसाठी घडवलेला, लाकूड आणि रंगीत काच यांचा. 1985 मध्ये ते घर विकलं गेलं आणि नव्या मालकाने डझनावारी दिवे उतरवून बाजारात नेले. गावात इतका संताप उसळला, की नगरपालिकेने अशी तोडफोड रोखणारा तातडीचा नियम केला. नंतरच्या मालकांनी कारागिरांकडून हुबेहूब प्रतिकृती करून घेतल्या आणि घर पुन्हा उजळलं.

मला स्वतःला दिवे असे उतरवणं अक्षम्य वाटतं. जिन्याच्या लाकडाशी बोलणारा दिवा काचेच्या कपाटात ठेवला की तो मुका होतो.

तुम्हाला कधी असा तांब्या-अभ्रकाचा दिवा हाताशी लागलाच, तर एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. चिंच आणि मीठ घेऊन त्याला लख्ख करू नका! आपल्याकडे तांबं लखलखीत असणं ही गृहिणीची शान. इथे उलट आहे. तांब्यावरचा तो काळपट तांबूस, कुठे वाईनसारखा लाल रंग म्हणजे तांबं आणि ऑक्सिजन यांच्या संयुगांचा थर. काही रंग कारागिराने ताव आणि रसायनं देऊन मुद्दाम आणलेला, काही शंभर वर्षांच्या हवेने आणि हातांनी चढवलेला. जाडी मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशाएवढी. एका दुपारच्या घासण्याने तो जातो, आणि दिव्याची किंमत कोसळते. तो थर परत आणता येत नाही. नवा चढवता येतो, पण जाणकाराची नजर तो लगेच पकडते.

तार मात्र जरूर बदला. त्या काळच्या तारेवर कापडाची वीण आणि आत रबर असायचं. शंभर वर्षांत रबर वाळून त्याचा भुगा होतो आणि तांब्याच्या बुडातच वीज उतरू शकते. क्रॅगसाइडच्या फुलदाण्यांमध्ये ती मुद्दाम खेळवली होती, इथे ती जीव घेईल. जुना होल्डर आणि दिवा लावण्या-विझवण्याची साखळी शाबूत असेल तर जपून ठेवा, संग्राहक त्यालाही मोल देतात.

आणि बल्ब? लाख साधारण 75 अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागते. म्हणजे तप्त धाग्याचा मोठा बल्ब लावून तासन्‌तास ठेवला, तर जी उष्णता वापरून शेड वाकवली होती, तीच उष्णता तिला पुन्हा वाकवू लागते. जुना कार्बनचा बल्ब सुमारे 50 वॉट खाऊन सोळा मेणबत्त्यांएवढा उजेड द्यायचा, बाकी सगळी उष्णता. तेवढाच उजेड आज दोन वॉटचा एलईडी देतो आणि जेमतेम कोमट होतो. फक्त तो थंड पांढरा नको. त्याचा निळा भाग लाख गिळून टाकते, तांबडा त्याच्यात मुळातच कमी असतो, आणि उरतो तो आजारी हिरवट उजेड. 2,200 केल्विनच्या आसपासचा, रंग नीट दाखवणारा एलईडी घ्या. 1910च्या कार्बनच्या धाग्याच्या रंगाशी तो जवळपास जुळतो.

बल्ब बसवा, आणि दिवा लावण्याआधी बूड उलटं करून आधी चौकटीची रेघ पाहा.